वाचकांचे प्रश्न : घरच्या व्यायामासाठी ॲडजस्टेबल डंबेल कोणते घ्यायचे?

घरच्या घरी व्यायाम या विषयावर प्रश्न पाठवा म्हटलं होतं, तर यावेळची बरीचशी पत्रं एकाच वस्तूबद्दल आलीत, ॲडजस्टेबल डंबेल, म्हणजे एकाच हँडलवर वजन कमी-जास्त करता येतं ते. सारखे प्रश्न एकत्र केलेत, लांबलेली पत्रं थोडी आवरती घेतलीत. एक आधीच सांगते, बहुतेकांनी विचारलंय की जास्तीत जास्त किती किलोचा घेऊ, पण दोन वजनांमधला टप्पा किती असावा हे कुणीच विचारलेलं नाही, आणि माझ्या मते घरात घेतलेला सेट वापरला जाणार की धूळ खात पडणार हे त्या टप्प्यावरच ठरतं. म्हणून मी अधूनमधून तिकडे वळणार आहे.

प्रश्न : घरात एक कोपरा रिकामा आहे, एक बेंच आणि डंबेल एवढंच मावेल. डायल फिरवून वजन बदलतं तो सेट घेऊ, का रॉडला प्लेट लावून नट आवळायचा तो साधा घेऊ? डायलवाला भारी दिसतो पण टिकेल का अशी शंका येते. (वय ३४, नुकतीच सुरुवात)

शंका रास्त आहे. उत्तर तुम्ही व्यायाम कसा करणार यावर आहे, पण त्याआधी हे डंबेल काम कसं करतात ते बघू, म्हणजे तुमचं तुम्हालाच कळेल.

साधा सेट म्हणजे आटे पाडलेला रॉड, दोन्ही बाजूंना प्लेटा आणि बाहेरून स्टारसारखा नट. यात बिघडण्यासारखं जवळपास काहीच नसतं. नटला आतून रबराची रिंग असते, ती प्लेटवर दाबून बसते म्हणून नट आपोआप सुटत नाही. ती रिंग झिजली की मात्र व्यायामाचे एक-दोन सेट, म्हणजे सलग उचलण्याच्या फेऱ्या, झाले की नट ढिला व्हायला लागतो, मग रिंग बदलायची, झालं. प्लेट फुटली तर दुसरी मिळते, रॉड वेगळा मिळतो, वजन वाढवायचं तर चार प्लेटा आणखी आणायच्या. फक्त रॉडची जाडी मोजून घ्या, कारण काही २५ मिलिमीटरचे असतात काही २८ चे, आणि २५ च्या भोकाची प्लेट २८ च्या रॉडवर जाणारच नाही. जिममधल्या मोठ्या बारबेलच्या प्लेटांचं भोक ५० मिलिमीटरचं असतं, त्या या रॉडवर नुसत्या खुळखुळतात. त्रास एकच आणि तो म्हणजे वेळ. जोडीला चार नट, चारही काढा, प्लेटा बदला, परत आवळा, यात दोन-तीन मिनिटं सहज जातात, आणि एका व्यायामाला १० किलो, दुसऱ्याला ५ आणि तिसऱ्याला १६ असं असलं की अर्धा वेळ नट फिरवण्यात जातो आणि मग माणूस कंटाळून सगळं एकाच वजनाने उरकायला लागतो, जे मला सगळ्यात वाईट वाटतं.

डायलवाल्यात डंबेल एका बेसमध्ये बसलेला असतो. डायल फिरवलं की आतल्या चकत्या फिरतात, त्यांचे दाते पाहिजे तेवढ्याच प्लेटांना धरतात, बाकीच्या प्लेटा बेसमध्येच राहतात. बोफ्लेक्सचा ५५२ हे याचं सगळ्यात ओळखीचं मॉडेल, ५ ते ५२.५ पाउंड म्हणजे साधारण २.३ ते २३.८ किलो, आणि २५ पाउंडापर्यंत अडीच-अडीच पाउंडाने वाढतो. वजन बदलायला काही सेकंद, यात वाद नाही. पण त्याच्या दोन्ही टोकांना वेगवेगळं डायल असतं आणि दोन्हीकडे तोच आकडा लावायचा असतो, घाईत एका बाजूला १५ आणि दुसऱ्या बाजूला २० लागलं तर डंबेल हातात वाकडा होतो. दुसरं म्हणजे लांबी. वजन ५ पाउंड लावा नाहीतर ५० लावा, डंबेल साधारण ४० सेंटिमीटर लांबच राहतो, त्यामुळे हलक्या वजनाने कर्ल करताना, म्हणजे कोपरात हात दुमडून वजन वर आणताना, तो मांडीला लागतो आणि चेस्ट प्रेसमध्ये, म्हणजे झोपून वजन छातीवरून वर ढकलताना, वर दोन्ही एकमेकांवर आपटतात. आणि आतले काही भाग प्लास्टिकचे असल्याने तो आपटून अजिबात चालत नाही.

तिसरा प्रकार पिनचा, पॉवरब्लॉकचा असतो तसा. एकात एक बसणाऱ्या चौकटी असतात, खाली योग्य खाचेत पिन सरकवली की तेवढ्या चौकटी हँडलसोबत उचलल्या जातात. हलणारे भाग फार कमी, म्हणून बिघाडही कमी. हात मात्र चौकटीच्या आत घालावा लागतो, काहींना मनगट अडकल्यासारखं वाटतं, काहींना दोन दिवसांत सवय होते. चौथ्यात हँडलच फिरवायचं असतं, नुओबेल त्यातला, हँडल फिरवलं की आतला दांडा लांब होत प्लेटांमधून सरकतो. यातली गंमत अशी की वजन कमी केलं की डंबेलही आखूड होतो आणि अगदी साध्या जिमच्या डंबेलसारखा हातात बसतो. आणखी एक आयर्नमास्टरसारखा, चौकोनी लोखंडी प्लेटा आणि एक जाड स्क्रू-पिन, बदलायला डायलपेक्षा वेळ जास्त, साध्या नटपेक्षा कमी, पण मजबुतीला हाच सगळ्यात पुढे.

आता तुमच्याबद्दल. एक व्यायाम संपवून, दमून, आरामात दुसऱ्याकडे जाणार असाल आणि पुढची दोन-चार वर्षं वजन हळूहळू वाढवत न्यायचं असेल तर साधा नटवाला घ्या, बिनधास्त. सुरुवात करणाऱ्याला त्यात कमी पडत नाही. पण वेळच कमी मिळत असेल, अर्ध्या तासात एकामागोमाग एक व्यायाम बसवायचे असतील, तर वजन पटकन बदलणं ही चैन नाही, गरज आहे, मग पिनचा किंवा हँडल फिरवायचा बघा. डायलचा घ्यायचा असेल तर खालचा सुरक्षिततेबद्दलचा प्रश्न आधी वाचा आणि मगच ठरवा.

प्रश्न : मी आणि नवरा दोघं मिळून एकच सेट वापरणार. तो म्हणतो ४० किलोचाच घेऊ म्हणजे नंतर परत घ्यायला नको. मला एवढं लागणारच नाही. किती किलोपर्यंतचा घ्यावा? (वय ४१)

आधी हे बघा की ४० किलो म्हणजे कुठले ४० किलो. साध्या सेटवर ४० लिहिलेलं असेल तर ते बहुतेक वेळा दोन्ही डंबेल, रॉड, नट सगळं धरून असतं, म्हणजे एका हातात २० च्या आसपास. डायल आणि पिनच्या सेटवर मात्र एकेका डंबेलचं वजन लिहितात. आणि पाउंड असेल तर २.२ ने भागा, ५० पाउंड ऐकायला भरभक्कम वाटतं पण ते २३ किलोही नाही.

आता टप्प्याचं. तुमचे मिस्टर वरचा आकडा बघतायत, तुम्ही खालचा बघा. खांद्यासाठी लॅटरल रेज करताना, दोन्ही हात बाजूला उचलायचे तो व्यायाम, बऱ्याच जणींना सुरुवातीला २-३ किलो पुरे होतात. मोठ्या क्षमतेचे सेट अनेकदा सुरूच ४-५ किलोपासून होतात. बोफ्लेक्सचाच मोठा १०९० घ्या, तो १० पाउंडापासून सुरू होतो आणि ५ पाउंडाने वाढतो. म्हणजे १० वरून थेट १५, दीडपट! जो स्नायू आज १० पाउंड जेमतेम बारा वेळा उचलतोय त्याला उद्या दीडपट वजन द्यायचं, तो कसा उचलेल? मग पाठ झोकून, मान आखडून उचलायचं, किंवा वर्षभर १० वरच अडकून राहायचं. तेच ४० वरून ४५ गेलात तर साडेबारा टक्केच वाढ होते, ती पायांना, पाठीला कळतही नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनने २००९ मध्ये जे मार्गदर्शन छापलं त्यात असं आहे की ठरवलेल्या रेप्सपेक्षा, म्हणजे एका सेटमध्ये जितक्या वेळा उचलायचं त्यापेक्षा, एक-दोन जास्त जमायला लागल्या की वजन २ ते १० टक्क्यांनी वाढवा. हलक्या वजनांना हे गणित अडीच किलोच्या टप्प्याने जमतच नाही, ५ किलोचे १० टक्के म्हणजे अर्धा किलो.

म्हणून साधा सेट घेत असाल तर छोट्या प्लेटा जरूर घ्या. एका डंबेलला दोन बाजू असतात, सव्वा किलोच्या दोन लावल्या की वजन अडीचने वाढतं. पण अर्ध्या किलोच्या, सव्वा किलोच्या आणि अडीच किलोच्या अशा प्रत्येकी एकेक जोडी दर डंबेलला असली तर नुसत्या रॉडपासून पुढे १, २.५, ३.५, ५, ६, ७.५ आणि ८.५ किलो अशी वाढ करता येते, म्हणजे कधी एक किलोचा टप्पा कधी दीडचा, यापेक्षा छान शिडी मला तरी माहीत नाही. डायल किंवा पिनच्या सेटमध्ये खालच्या भागात एक-सव्वा किलोचा टप्पा मिळतोय का बघा. पॉवरब्लॉकच्या काही मॉडेलमध्ये हँडलमध्ये छोट्या नळ्या सरकवून असा बारीक टप्पा मिळतो. चुंबकाची छोटी वजनंही असतात, पण ती उघड्या लोखंडालाच नीट चिकटतात, प्लास्टिकच्या आवरणावर नाही.

टप्पा मोठाच असेल तर त्यावरही उपाय आहे. १० रेप्सवर वजन वाढवायच्या ऐवजी १५-१८ पर्यंत जा, खाली आणताना तीन-चार सेकंद घ्या, आणि मग वजन वाढवून ८ पासून परत सुरू करा. हलक्या वजनाने वाया जातं असं नाही, एका वेळी जास्तीत जास्त जेवढं उचलता येतं त्याच्या साधारण ३० टक्के वजनानेही, जवळजवळ अजून एक उठणार नाही इथपर्यंत सेट नेला तर स्नायू जड वजनाइतकेच वाढतात हे संशोधनात दिसलंय. ताकद मात्र, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त उचलायची, ती जड वजनानेच जास्त वाढते.

तर दोघांसाठी, खाली २ किलोच्या आसपास सुरू होणारा आणि वर प्रत्येकी २०-२४ किलोपर्यंत जाणारा सेट बराच काळ पुरतो. पायांना तेवढं कमी पडायला लागलं तर एका पायावरचे व्यायाम करा, तेच वजन एकदम जड होतं. आणि दोघं एकाच वेळी आलटून-पालटून करणार असाल, तो १४ ने तुम्ही ६ ने, तर नटवाला घेऊच नका, भांडणं होतील. पटकन बदलणारा घ्या.

प्रश्न : जोडी घ्यायलाच हवी का? एकच घेतला तर?

एकाने खूप काही होतं. रो, म्हणजे पुढे झुकून वजन कमरेकडे ओढायचं तो व्यायाम, एका हाताने करतातच, गॉब्लेट स्क्वॉट, म्हणजे डंबेल छातीशी धरून उठाबशा, एकानेच करतात, प्रेसही एका हाताने होते आणि त्यात पोटाच्या बाजूचे स्नायू जास्त कामाला लागतात कारण शरीर एका बाजूला झुकू नये म्हणून धरून ठेवावं लागतं. फक्त प्रत्येक व्यायाम दोनदा करायचा असल्याने वेळ वाढतो. पुढे जोडी पूर्ण करायचा विचार असेल तर तेच मॉडेल तेव्हा मिळेल याची खात्री नसते, साध्या सेटचं मात्र मिळतंच.

प्रश्न : मी १६ वर्षांचा आहे. घरचे म्हणतात आत्ता वजन उचललं तर उंची खुंटते. खरं आहे का? आणि मी कुठला डंबेल घेऊ?

उंचीचं खरं नाही. अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०२० मध्ये याच विषयावर अहवाल काढला, नीट शिकून, कुणीतरी जाणकार समोर असताना केलेला वजनांचा व्यायाम मुलांसाठी सुरक्षित आहे असंच त्यात म्हटलंय. हे घरच्यांना वाचून दाखव. पण त्यातला "नीट शिकून" हा भाग सोडून देऊ नकोस. इजा होते ती जास्त करून वजन हातातून पडून, बोट प्लेटमध्ये सापडून, किंवा मित्रांसमोर झेपत नसलेलं उचलायला जाऊन. तू आत्ता ताकद भराभर वाढण्याच्या वयात आहेस, दोन महिन्यांत ५ किलो हलके वाटायला लागतील, म्हणून प्लेटा वाढवता येतील असा साधा सेट तुझ्यासाठी मस्त. १२ ते १५ रेप्स स्वच्छ, न झोकता जमतील एवढंच वजन लाव, शेवटची रेपही पहिलीसारखीच दिसली पाहिजे. आणि आटे पूर्ण आवळल्याशिवाय डंबेल डोक्यावर न्यायचा नाही, हे एकदा ठरवून टाक.

प्रश्न : बेंचवर झोपून प्रेस करताना डायलच्या डंबेलमधली एक प्लेट खाली पडली, सुदैवाने जमिनीवर. आता तोंडावर धरायची भीती वाटते. असं होतं का, का माझंच काही चुकलं?

होतं, आणि तुमची भीती अगदी योग्य आहे, ती घालवायचा प्रयत्न करू नका, आधी तो डंबेल बाजूला ठेवा. जून २०२५ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-सुरक्षा आयोगाने बोफ्लेक्सचे ५५२ आणि १०९० हे दोन्ही डंबेल परत बोलावले, सुमारे ३८ लाख नग, कारण नेमकं हेच, वापरताना प्लेटा हँडलवरून सुटून पडू शकतात. शंभरहून जास्त लोकांना इजा झाल्याची नोंद होती. म्हणजे हे एखाद्या सदोष नगाचं प्रकरण नव्हतं. तुमचा कुठल्या कंपनीचा आहे ते तुम्ही लिहिलं नाहीये, तळाला किंवा बेसवर मॉडेल नंबर असतो, तो घेऊन कंपनीच्या साइटवर तो परत बोलावलाय का ते बघा, यादीत असेल तर वापरणं लगेच थांबवा आणि बदली किंवा परतावा काय मिळतो ते विचारा.

यादीत नसेल तर कारण शोधा. बहुतेक वेळा असं होतं की डायल दोन आकड्यांच्या मध्ये राहिलेलं असतं, टक् असा आवाज येऊन ते जागेवर बसलेलं नसतं. किंवा डंबेल बेसमध्ये नीट खाली बसायच्या आधीच डायल फिरवलं जातं. किंवा बेसमध्ये धूळ, केस, एखादा खडा जातो आणि प्लेट तिरकी राहते. आणि एकदा तरी तो डंबेल पडला असेल तर आतला दाता तुटलेला असू शकतो, बाहेरून दिसत नाही.

वजन बदललं की दर वेळी हे करा, दर वेळी म्हणजे दर वेळी. डंबेल बेसच्या वर फक्त वीतभर उचला, खाली किती प्लेटा राहिल्या ते बघा, मग तिथेच धरून दोन्ही बाजूंना थोडा तिरका करा आणि हलकेच हलवा. काही सरकलं, आवाज वेगळा आला, की परत ठेवा. पाच सेकंदांचं काम आहे. आणि ज्याची एकदा प्लेट सुटली तो डंबेल तपासून झाल्यावरही तोंडावर, डोक्यावर न्यायचा नाही असंच माझं मत आहे, फार तर रो आणि खाली धरून करायच्या व्यायामांना वापरा. तोंडावर धरायचे व्यायाम सोडायचे नसतील तर त्यासाठी साधा नटवाला वेगळा ठेवा.

अशा डंबेलवर हात टेकवून पुशअप मारणं, दोन डंबेल वर एकमेकांवर टकटक आपटणं, सेट संपल्यावर बाजूला सोडून देणं, हे तिन्ही बंद. बेंचवरून उठताना डंबेल मांडीवर उभा टेकवायची सवय असते बऱ्याच जणांची, टोकाला डायल असेल तर ते मांडीवर घासून फिरू शकतं, लक्ष ठेवा. शेवटचा सेट एवढा ताणू नका की खाली ठेवायलाच ताकद उरणार नाही, जिममध्ये डंबेल टाकून देता येतो, इथे तो हळू आणून बेसमध्ये सरळ बसवायचा असतो आणि थकलेल्या हातांनी ते अवघड जातं, एक-दोन रेप्स हातात राखूनच थांबा.

प्रश्न : टाइल्सची फरशी आहे. खाली काय घालू? आणि एकूण जागा किती लागते?

रंगीत फोमचे तुकडे, जे कोड्यासारखे एकमेकांत अडकतात, ते पडून करायच्या व्यायामाला ठीक आहेत पण उभं राहून वजन उचलायला नाहीत, पाय रुततो आणि घोटा डुगडुगतो. घट्ट रबराची ८ ते १० मिलिमीटरची चटई घ्या, तीवर पाय घट्ट राहतो आणि फरशीही वाचते. नवीन रबराला वास येतो, घालायच्या आधी काही दिवस हवेशीर ठेवा.

जागेचं मोजमाप टेपने करू नका, स्वतःच्या अंगाने करा. हातात काहीतरी लांबट धरून दोन्ही हात बाजूला पसरा आणि गोल फिरा, बेंच जिथे ठेवणार तिथे झोपून पण हात पसरून बघा, आणि उभं राहून हात वर ताणा, डंबेलची अर्धी रुंदी धरून वर दिवा किंवा पंखा लागत नाही ना. साधारण दोन मीटर बाय दोन मीटरमध्ये माणसाचं काम होतं.

एक गोष्ट लोक विसरतात आणि पाठदुखीला तिथूनच सुरुवात होते. डायल किंवा पिनचा बेस जमिनीवर ठेवला की दर सेटला २०-२० किलो वाकून उचलायचे आणि वाकून अगदी नेमके खाचेत बसवायचे, आणि हे बसवताना पाठ गोल होतेच होते. मांडीच्या उंचीचं स्टँड किंवा भक्कम लाकडी बाक घ्या, दोन्ही डंबेलचं पूर्ण वजन पेलणारं, हलकं प्लास्टिकचं टेबल चालणार नाही. घरात लहान मूल असेल तर मात्र उंचावर ठेवायचं नाही, खाली ठेवून पुढे काहीतरी आडोसा करा, आणि नटवाल्याच्या सुट्ट्या प्लेटा भिंतीला उभ्या टेकवून तर कधीच ठेवू नका, त्या पायावर पडतात.

प्रश्न : वय ६२, बीपीची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले हलके व्यायाम करा. डंबेल चालतील का? बोटांचे सांधेही थोडे दुखतात.

हलके व्यायाम म्हणजे नक्की काय ते डॉक्टरांनाच एकदा स्पष्ट विचारा, "हातात दोन-तीन किलो घेऊन केलं तर चालेल का" असं थेट. बीपी आटोक्यात असेल तर बहुतेक वेळा हो म्हणतात, जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनातही प्रौढांना आणि ज्येष्ठांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितलाय, आणि ६५ नंतर तोल सांभाळायचे आणि ताकदीचे व्यायाम तीन दिवस, पडणं टळावं म्हणून.

तुमच्यासाठी महत्त्वाचा आहे तो श्वास. वजन उचलताना श्वास रोखून धरला की बीपी त्या क्षणाला झपकन वर जातं, त्यामुळे उचलताना श्वास सोडायचा, खाली आणताना घ्यायचा, आणि मोठ्याने रेप्स मोजायच्या म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. चक्कर, छातीत दडपण, डोकं जड, यातलं काहीही वाटलं की थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

डंबेलबद्दल म्हणाल तर मी तुम्हाला ॲडजस्टेबल घ्या असं सांगणार नाही. दुखऱ्या बोटांनी नट आवळणं त्रासाचं, आणि डायलचा डंबेल हलक्या वजनालाही लांब आणि बोजड राहतो. १, २ आणि ३ किलोच्या तयार जोड्या घ्या, रबराचं किंवा विनाइलचं आवरण असलेल्या. दुकानात हातात धरून बघा, मूठ पूर्ण मिटली पाहिजे, पण हँडल इतकं बारीक नको की बोटं तळहातात रुततील. बोटं जास्त दुखतात त्या दिवशी मनगटाला बांधायची पट्टीची वजनं वापरा, पकडायचं कामच नाही.

प्रश्न : ओळखीतल्या एकाकडे वापरलेला सेट आहे. घेऊ का? काय बघू?

साधा लोखंडी सेट असेल तर आनंदाने घ्या. गंज दिसला म्हणून सोडू नका, तारेच्या ब्रशने घासून, पुसून, रंगाचा एक हात मारला की लोखंडी प्लेट नव्यासारखी होते. आटे मात्र नीट बघा, नट टोकापासून आतपर्यंत हाताने सहज फिरला पाहिजे, मध्येच अडकला किंवा डुगडुगला तर तो रॉड बदलायचाच. प्लास्टिकच्या आवरणात सिमेंट भरलेल्या प्लेटा असतील तर कडा तपासा, चीर असेल तर पुढे त्यातून भुगा गळतो आणि वजन कमी होत जातं, शिवाय त्या लोखंडी प्लेटांपेक्षा जाड असतात त्यामुळे रॉडवर थोड्याच मावतात आणि वजन वाढवायला जागाच उरत नाही. शक्य असेल तर दोन-तीन प्लेटा वजनकाट्यावर ठेवून बघा, लिहिलेलं आणि खरं यात फरक निघतो, तेवढ्याने बिघडत नाही पण डावी-उजवी जोडी जुळती लावता येते.

डायलचा असेल तर मी इतकी मोकळी नाही. मॉडेल परत बोलावलेल्यांपैकी आहे का ते पहिलं बघा, असेल तर फुकट दिला तरी नको. नसेल तर प्रत्येक आकडा, सगळेच्या सगळे, एकेक लावून उचलून बघा, मालकासमोर, आणि खाली राहिलेल्या प्लेटा त्या आकड्याशी जुळतात का ते मोजा. बेस सोबत आहे ना तेही बघा, कारण त्या बेसशिवाय हा डंबेल काहीच कामाचा नाही आणि सुटा बेस सहसा मिळत नाही. पिनच्या सेटमध्ये पिन मूळचीच आहे ना विचारा, तिच्या जागी कुणी खिळा किंवा सळई घातली असेल तर कंपनीची पिन मिळेपर्यंत तो उचलू नका.